चित्रकलेचा तास

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एका शाळेची जुनी कोठी आवरण्याचे काम निघाले. तुटके बाक, फाटलेले नकाशे, स्नेहसंमेलनातील पुठ्ठ्याचे मुकुट असा सगळा पसारा बाहेर काढता काढता तळाशी एक लाकडी पेटी सापडली. आत पांढरा रंग उडालेले ठोकळे होते : एक घन, एक शंकू, एक दंडगोल, एक षट्कोनी चिती आणि एक चेंडूएवढा गोल. त्यांच्यासोबत पोचे पडलेला पितळी लोटा. मदतीला आलेल्या तरुण शिक्षिकेने विचारले, "फादर, हे गणिताचे साहित्य का?" मी "हो" म्हणणार होतो, पण तसे म्हणवले नाही. ते चित्रकलेच्या मास्तरांचे ठोकळे होते आणि ते कोठीत का गेले, हे माझ्याइतके चांगले कोणालाच ठाऊक नव्हते.

काही वर्षांपूर्वी मी त्या शाळेचा व्यवस्थापक असताना चित्रकलेचे मास्तर निवृत्त झाले. त्यांचे आठवड्याचे तास मी गणित आणि इंग्रजी यांना वाटून दिले. एकाही पालकाने तक्रार केली नाही. उलट दोघा-तिघांनी भेटून आभार मानले. मुलांना कोणी विचारलेच नाही. त्या वेळी मला तो व्यवहारी निर्णय वाटला होता. पेटी उघडल्यापासून मात्र एक प्रश्न पाठ सोडीना. हे ठोकळे मुळात आपल्या शाळांत आणले कोणी आणि कशासाठी? गुरुविद्यालयात आम्हांला चर्चचा इतिहास शिकवला गेला, तत्त्वज्ञानाचा शिकवला गेला. शाळेच्या वेळापत्रकातील एका तासालाही इतिहास असतो, हे तेथे कोणी सांगितले नव्हते. तो शोधताना जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

महाराष्ट्रात पाश्चात्य पद्धतीचे रेखाटन शिकवणारा पहिला वर्ग भरला तो शनिवारवाड्यात, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. सर चार्ल्स मॅलेट हा १७८६ पासून पुण्याच्या दरबारी इंग्रजांचा वकील होता. मुत्सद्दी तर तो होताच, पण लेणी, प्राणी, माणसे या सर्वांविषयी त्याला मोठे कुतूहल होते. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार १७९१ साली मुंबईत उतरला आणि पुढच्या वर्षी पुण्यास आला. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची जी चित्रे आपण पाठ्यपुस्तकांतून पाहिली, त्यांचा उगम पुष्कळ अंशी वेल्सच्या कुंचल्यात आहे. मॅलेटच्या प्रयत्नाने आणि पेशव्यांच्या आश्रयाने वाड्यातच एक चित्रशाळा निघाली व वेल्स तेथे शिकवू लागला. आश्रयदाता सवाई माधवराव हा तेव्हा स्वतःच सतरा-अठरा वर्षांचा मुलगा होता. नानांच्या कडक देखरेखीत वाढलेल्या त्या पोराला पशुपक्ष्यांचा अतोनात नाद. पर्वतीच्या पायथ्याशी त्याने शिकारखाना ठेवला होता. आजच्या भाषेत सांगायचे तर महाराष्ट्रातील पहिल्या चित्रकला-वर्गाला परवानगी देणारा जवळजवळ अकरावी-बारावीच्या वयाचा होता.

त्या शाळेतील एका विद्यार्थ्याचे नाव इतिहासाने जपले आहे : गंगाराम चिंतामण तांबट. आडनाव सांगतेच की घराण्याचा धंदा तांब्या-पितळेचा. मॅलेटने त्याला वेरूळला लेण्यांची रेखाटने करण्यासाठी पाठवले. मॅलेटने वेरूळविषयी लिहिलेला लेख कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत छापला गेला, त्याला गंगारामच्या रेखाटनांचा आधार होता. त्याच्या हातची बरीच चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहात आहेत. त्यांत मुद्गल फिरवणारे पहिलवान आहेत आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातील एक गेंडा आहे.

या गेंड्यापाशी मी बराच वेळ थांबलो. त्या चित्रावर नोव्हेंबर १७९० अशी नोंद आहे, आणि वेल्स मुंबईत पोचला १७९१ मध्ये. म्हणजे गुरू यायच्या आधीच शिष्याचा हात तयार होता! कातडीच्या वळ्या, जड पाय, डोळ्यांतील तो आळसावलेला भाव हे सारे त्या तांबटाने स्वतः पाहून घेतलेले होते. वेल्सने त्याला यथार्थदर्शन शिकवले असेल, छायाप्रकाशाची शिस्त दिली असेल. डोळा मात्र तांब्यावर ठोके मारता मारता घडलेला होता. एखाद्या भांड्याचा काठ किंचित वाकडा गेला तर तो ज्याला दुरून कळतो, त्याला गेंड्याची पाठ काढणे अवघड का जावे? शिक्षकाने शिकवण्यापूर्वी मूल काय घेऊन येते, या प्रश्नाचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

ही शाळा फार टिकली नाही. २७ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवरावाचा वाड्याच्या गच्चीवरून पडून झालेल्या दुखापतींमुळे मृत्यू झाला. पुढच्याच महिन्यात साष्टीच्या लेण्यांत काम करताना तापाने आजारी पडलेला वेल्सही गेला. १७९७ मध्ये मॅलेटने पुणे सोडले. वेल्सच्या वेरूळच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने १८०३ साली इंग्लंडमध्ये ग्रंथ काढला; इकडे शाळेचे नाव सांगणारेही उरले नाही. पुढे १८२८ च्या आगीत वाडाच जळाला.

त्यानंतर साठ वर्षांची पोकळी पडते. ती भरून निघाली ती एका पारशी गृहस्थाच्या देणगीने. १८५१ साली लंडनमध्ये भरलेल्या महाप्रदर्शनात हिंदुस्थानी कारागिरांच्या कापडाने, नक्षीकामाने आणि धातुकामाने युरोपला थक्क केले होते. ते वृत्त येथे पोचले आणि सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८५३ साली कला व उद्योग यांच्या शाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले. मार्च १८५७ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या जागेत वर्ग सुरू झाले. हेच आजचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. १८६६ साली ते सरकारने ताब्यात घेतले आणि १८७८ मध्ये त्याला स्वतःची इमारत मिळाली.

माझ्या पेटीतील ठोकळे या वाटेने आले. त्या काळी इंग्लंडमध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथून सर्व चित्रशाळांना एकच अभ्यासक्रम दिला जाई. त्याच्या तेवीस पायऱ्या होत्या. आधी सरळ रेषा, मग छापील नक्षीच्या बाह्यरेषांची नक्कल, मग भूमितीचे घनाकार, मग त्यांवरील छाया, मग प्लास्टरचे साचे. जिवंत माणूस किंवा झाडाचे पान विद्यार्थ्याच्या वाट्याला फार उशिरा येई. हेतू चित्रकार घडवण्याचा नव्हताच. गिरण्यांना आणि कारखान्यांना नमुने काढून देणारे हात हवे होते. हीच पद्धत मुंबईत आली. वेलबुट्टी ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली त्या कारागिराच्या मुलाला लंडनहून छापून आलेल्या पानांवरची वेलबुट्टी गिरवायला बसवले गेले. यातला विनोद तेथील काही शिक्षकांच्याही ध्यानात आला असावा.

कारण शिक्षक सगळेच कोरडे नव्हते. १८६५ साली जॉन लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे दोघे येथे आले. किपलिंगने विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर काढून कामावर लावले. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावर शेतकरी व बाजारकरी यांची जी उठावशिल्पे आहेत, ती त्याचीच. मुंबईला भाजी घ्यायला गेलेल्या आमच्या किती लोकांनी मान वर करून ती पाहिली असतील, देव जाणे. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या, आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या, भिंतींवरील पाने, पक्षी, माकडे आणि मोर हे पुष्कळसे ग्रिफिथ्सच्या हाताखालील विद्यार्थ्यांनी घडवले. त्याहून मोठे काम अजिंठ्यात झाले. १८७२ ते १८८५ या काळात ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हिवाळ्यामागून हिवाळा तेथे जात राहिला आणि भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेत राहिला. त्यांतील बऱ्याच प्रती १८८५ साली लंडनमध्ये आगीत जळाल्या. उरलेल्यांवरून त्याने १८९६-९७ मध्ये दोन मोठे खंड प्रसिद्ध केले. प्रती जळाल्या, परंतु पेस्तनजी बोमनजींसारख्या तरुणांनी त्या अंधाऱ्या लेण्यांत जे डोळे कमावले, ते कोणती आग जाळणार?

आपल्या खेड्यापाड्यांतील मुलांपर्यंत ही विद्या पोचली ती मात्र यांच्यामुळे नव्हे. ती पोचली ड्रॉइंग मास्तरांमुळे. १८७९ पासून शालेय विषय म्हणून रेखाटनाकडे लक्ष दिले जाऊ लागले आणि १८९३ साली जे. जे. मध्ये चित्रकला शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. तेथून बाहेर पडलेले तरुण जिल्ह्याजिल्ह्यांतील हायस्कुलांत गेले. पगार बेताचा, शाळेत मान त्याहून बेताचा. मुख्याध्यापकांच्या दृष्टीने ते गॅदरिंगचे पडदे रंगवणारे, फळ्यावर सुविचार लिहिणारे, पाहुण्यांच्या स्वागताची कमान उभारणारे. तरी 'एलिमेंटरी' आणि 'इंटरमिजिएट' हे दोन शब्द मराठी घराघरांत पोचले ते यांच्या चिकाटीमुळे. या परीक्षा आज राज्याचे कला संचालनालय घेते. ते १९६५ साली स्थापन झाले. म. वि. धुरंधर १८९० साली जे. जे. मध्ये विद्यार्थी म्हणून शिरले आणि १९३१ साली तेथूनच निवृत्त झाले. त्यांनी आपल्या आठवणींच्या १९४० सालच्या पुस्तकाला 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे' असे नाव दिले. ड्रॉइंग मास्तरांच्या वाट्याला असले मंदिर आले नाही. त्यांना बहुधा जिन्याखालची खोली मिळाली.

मीही एलिमेंटरीला बसलो होतो. टेबलावर एक घन, त्याला टेकून उभा कसलातरी डबा आणि पुढे लोटा अशी मांडणी होती. मास्तर पाठीमागून येत आणि एवढेच म्हणत, "तुला ठाऊक आहे ते काढू नकोस, दिसते ते काढ." लोट्याचे तोंड गोल असते, हे मला ठाऊक होते; माझ्या जागेवरून ते लंबगोल दिसत होते. हे दोन सत्यांमधले अंतर कळायला मला तीन आठवडे लागले. पुढे सेमिनरीत ज्ञानमीमांसा शिकताना आमचे प्राध्यापक इंद्रियानुभव आणि बुद्धी यांविषयी जे तासन्‌तास सांगत, त्याचा पहिला पाठ मी त्या लोट्यापुढे घेतला होता. म्हणून ठोकळ्यांची थट्टा करणाऱ्यांत मी सामील होणार नाही. ठोकळे वाईट नव्हते. वाईट एवढेच की अनेक शाळांत त्यांच्यापलीकडे कोणी गेले नाही, आणि घन नीट न जमलेल्या मुलाला "तुझ्या हातात कला नाही" असे सांगून कायमचे घरी पाठवले.

या पद्धतीला खरे आव्हान मिळाले ते आपल्याच महाराष्ट्रात, वर्ध्याजवळ सेवाग्रामात. व्हिएन्नामध्ये फ्रान्झ चिझेकने १८९७ पासून मुलांना स्वतःच्या मनाने चित्रे काढू देणारा वर्ग चालवला होता, त्याचा गवगवा युरोपभर झाला होता. गांधीजींनी मात्र वेगळ्याच वाटेने विचार केला. आपले अक्षर खराब राहिले याची खंत त्यांना आयुष्यभर होती. आत्मकथेत ती सांगताना ते असे मत मांडतात की मुलाने अक्षर लिहिण्याआधी चित्र काढायला शिकावे. पक्षी आणि फूल पाहून जसे काढतो तसे अक्षरही पाहून काढावे, म्हणजे ते सुंदर येईल. १९३७ साली वर्ध्यात नई तालीमची योजना मांडली गेली, आणि १९४४ साली शांतिनिकेतनात शिकलेला देवी प्रसाद हा तरुण सेवाग्रामच्या शाळेत कलाशिक्षक म्हणून आला. १९६२ पर्यंत तो तेथे होता. खेड्यातील मुले, घरचे रंग, मातीकाम, चरखा आणि शेत यांच्या मधोमध त्याने कलेचा वर्ग चालवला. मुलाच्या चित्रात मोठ्या माणसाने हात घालू नये, त्याला नमुना देऊन नक्कल करायला लावू नये, ही त्याची भूमिका होती. कलेला शिक्षणाचा पाया मानणारे पुस्तकही त्याने पुढे लिहिले. गांधीजींच्या शाळेत चरखा होता हे सगळ्यांना माहीत आहे. रंगाच्या वाट्या होत्या हे फार थोड्यांना.

इकडे ठाणे जिल्ह्यात (आता तो भाग पालघरमध्ये येतो) ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभे केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. बिया, पाने, शंख-शिंपले, चिकणमाती हेच त्यांचे कलासाहित्य. ज्या वारली पाड्यांतील मुले तेथे येत, त्यांच्या घरच्या कुडांवर लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने आधीपासून लिहिलेला असे. गंगाराम तांबटाची गोष्ट येथे पुन्हा आठवते.

आमच्या ख्रिस्ती समाजाचा या कहाणीत भाग आहे, आणि तो अभिमानाचा आहे तसाच थोडा ओशाळे करणाराही आहे. गोव्यात सांगे येथे १८७० साली जन्मलेले आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद जे. जे. मध्ये शिकले आणि तेथेच शिक्षक झाले. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांत सर्व धर्मांची मुले होती. दुसरे नाव अँजेलो दा फोन्सेका. हाही गोव्याचा. तो जे. जे. मध्ये दाखल झाला. पण तेथील पाश्चात्य वळणाने त्याचे समाधान झाले नाही. तो शांतिनिकेतनात गेला, अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकला, आणि परत येऊन त्याने पवित्र मरियेला साडी नेसवली. गोव्यात त्याच्या वाट्याला रोष आला. त्याला घर मिळाले ते पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात, आणि तो आश्रम अँग्लिकन बंधूंचा होता, कॅथलिक नव्हे! १९६७ साली तो निवर्तला. आज गोव्यातील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात त्याची चित्रे आदराने जपली आहेत. मी लहान असताना धर्मशिक्षणाच्या वर्गात बक्षीस म्हणून जी पवित्र चित्रे मिळत, त्यांतील मरिया निळ्या डोळ्यांची, गुलाबी गालांची होती. ती पाहून आम्ही चित्र काढू लागलो की आमचीही मरिया तशीच होई. आमच्या आईसारखी दिसणारी मरिया काढावी, असे एकाही मुलाच्या मनात आले नाही, आणि मोठ्यांनीही ते सुचवले नाही.

एका बाबतीत मात्र आमच्या धर्मग्रामांनी न ठरवता फार मोठी कलाशाळा चालवली आहे, ती म्हणजे नाताळचा गोठा. संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या गावी जिवंत बैल-गाढवांसह पहिला गोठा मांडला, असे सांगतात. आपल्याकडे मुलांनी त्याचे काय केले पाहा : गवताचे छप्पर, नाचणीचे हिरवे अंकुर, आरशाच्या तुकड्याचे तळे, कामट्यांवर पतंगी कागद चिकटवून केलेला तारा. कामटी किती वाकते आणि कोठे मोडते, हे त्या ताऱ्याने जितक्या मुलांना शिकवले तितके कोणत्याही हस्तकलेच्या पुस्तकाने शिकवले नसेल. अलीकडे तयार प्लॅस्टिकचे तारे बाजारात येतात, दिवेही आतच असतात. मीही दोन वर्षे तेच आणवले. काम वाचले, हे खरे.

कायद्याच्या दृष्टीने आज काय स्थिती आहे तेही सांगायला हवे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशक असावेत, अशी तरतूद आहे. याचा दुसरा अर्थ असा की लहान गावातील लहान शाळेला तेही बंधन नाही, आणि मोठ्या शाळेलाही पूर्णवेळ मास्तरांची सक्ती नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुले अजून बसतात. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून पालक आग्रहाने बसवतात. गुणांसाठी का होईना, लोट्यापुढे बसतात हे काही वाईट नाही.

ती पेटी मी कोठीत परत ठेवली नाही. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावाला लागून वारूळवाडी आहे. तेथल्या काही कुटुंबांतील मुले रविवारी धर्मशिक्षणाला एका ओसरीवर जमतात. पेटी घेऊन मी तेथे गेलो. हा जुन्नरचा मुलूख. जुन्नरच्या कागदी मोहल्ल्यात तयार होणारा हातकागद एके काळी पेशव्यांच्या दप्तरात वापरला जाई. शिवनेरीच्या पोटातील एका लेण्याच्या छतावर रंगाच्या प्राचीन खुणा अजून दिसतात. हे सगळे मी मुलांना सांगितले, त्यांनी सभ्यपणे ऐकून घेतले. मग ठोकळे आणि लोटा स्टुलावर मांडले, प्रत्येकाला कागद दिला आणि माझ्या मास्तरांचे वाक्य सांगितले.

अर्ध्या तासाने फिरून पाहिले. मोठ्या मुलांनी घन काढला होता, पुसला होता, पुन्हा काढला होता. एक आठ वर्षांची मुलगी मात्र स्टुलाकडे पाठ करून बसली होती. तिच्या कागदावर द्राक्षाच्या मांडवाचे खांब होते, ओळीने मागे मागे जात लहान होणारे, आणि शेवटच्या खांबापाशी वाकलेली एक बाई. यथार्थदर्शन तिला कोणी शिकवले नव्हते. मी विचारले, "लोटा का नाही काढलास ग?" ती म्हणाली, "आई तिकडे काम करते, ती दिसते इथून." मी वळून पाहिले. खरेच दिसत होती.

तिने कागद परत मागितला, कारण अजून तारा काढायच्या राहिल्या होत्या. पेटी सध्या त्याच ओसरीवर आहे. जून महिन्यापासून, धर्मशिक्षणानंतरचा एक तास आम्ही तिच्यासाठी ठेवला आहे. निवृत्त मास्तरांना मी पत्र लिहिले आहे. त्यांचे वय झाले आहे, पण महिन्यातून एकदा एसटीने येईन, असे त्यांनी कळवले आहे.